पडद्याची सुलटी बाजू

नरसिंहपूरच्या जत्रेत तंबूतला सिनेमा सुरू झाला, की आमचे शेजारी शंकरतात्या उठून पडद्यामागं जायचे आणि भांडण करून परत यायचे. तिथं पुरुष पडद्यासमोर बसत आणि बायका पडद्यामागं; तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकूही, त्यांच्यातच. म्हणजे बायकांना सगळं चित्र उलटं. नायक जेवायचा तोही डाव्या हातानं. तात्या तंबूवाल्याला धरायचे, "तिकीट सारखंच घ्यायचं आन् आमच्या घरच्या मानसानं उलटं बघायचं? ह्यो काय न्याव झाला?" ज्यांच्यासाठी हा तंटा चालायचा, त्या बायका तात्यांवरच खेकसायच्या, "तात्या, बाजूला सरा की! काय दिसंना!"

शेवटी संतापाच्या भरात तात्यांनी घरातच थेटर करायचं ठरवलं. बारामतीतल्या घरातली गुळाची खोली रिकामी केली आणि मशीन निवडायला मला दोन-तीनदा पुण्याला ओढत नेलं. का, तर मी मास्तर! मुलांना पाढे शिकवणाऱ्याला प्रोजेक्टर कळतो, हे कुणी ठरवलं कोण जाणे. रजा माझी जायची आणि राग तात्यांना यायचा.

दुकानदारानं आधी मुकं मशीन दाखवलं. तात्या भडकले. "बाई कशापायी रडती, कळायचं कसं?" बोलकं काढलं, तर त्याची घरघर कडबाकुट्टीसारखी. मग एक शांत मशीन आलं. पण आमच्या खोलीएवढ्या अंतरावरून लावलं, तर नायिका कोंबडीएवढीच! "हिला काय डालग्याखाली झाकू?" तात्या भर दुकानात ओरडले. मी मान खाली घातली.

दुकानदारानं बिचाऱ्यानं भिंग बदललं, तेव्हा नायिका माणसाएवढी झाली. तात्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "एका बाकड्यावर दोघं बसली, तर दोघांस्नी सारखंच दिसंल न्हवं?"

"दोघं कोण?" त्यानं विचारलं.

"कुनीबी!" तात्या एकदम उखडले. "तुमाला काय करायचंय?"

भिंतीवर गुळाचे डाग होते, म्हणून खोलीच्या मध्यावर धुतलेलं धोतर ताणून बांधलं. काकूंनी तंबूत पाहिलेलाच सिनेमा तात्यांनी मुद्दाम मागवला. समोर नवं बाकडं. तात्यांनी काकूंना त्यावर बसवलं आणि शेजारी आपण ताठ बसले. इतक्या वर्षांच्या संसारात दोघं अशी शेजारी बसलेली मी तरी पाहिली नव्हती. मी आणि माझी बायको मागं सतरंजीवर.

सिनेमा सुरू झाला. काकू चुळबुळ करू लागल्या.

"अवो, तुमी उलटं मशीन आनलंय."

"आँ?"

"तंबूत पान्याची हीर ह्या अंगाला हुती, घर त्या अंगाला. समदं उलटंच दिसतंय!" असं म्हणून काकू उठल्या आणि धोतरामागं जाऊन जमिनीवर बसल्या. "आता कसं बराबर दिसतंय!"

मला इतका संताप आला! एवढी यातायात, माझ्या सगळ्या रजा, ते खास भिंग, सगळं पाण्यात. आता तात्या घर डोक्यावर घेणार, म्हणून मी कानांत बोटं घालायच्या तयारीत होतो.

पण तात्यांनी बाकड्यावरच्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं. मग ते उठले, बाकडं तिथंच ठेवलं आणि धोतराच्या कडेनं पलीकडे गेले.

पलीकडून काकूंचा आवाज आला, "तुमी कशाला आलात? तिकडं सुलटं दिसतंय न्हवं तुमाला?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "हितनंच बरं दिसतंय. सर जरा."