देवश्रीची झोप आणि दिवाळीचा कंदील

यंदा नाताळला बायकोला विचार करून भेट द्यायची असं मी ठरवलं, आणि तिथेच सगळं सुरू झालं. एरवी मी विचार न करताच भेट देतो. गेल्या नाताळला मी देवश्रीला लाल चकचकीत कागदात गुंडाळून कुकरची नवी रिंग दिली होती. (जुनी वाफ सोडत होती. मला वाटलं, याहून उपयोगी काय असणार?) देवश्री कोल्हापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तिला नाताळची भारी हौस. रिंग हातात धरून तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

यंदा तर ती नवी आई. आमची अन्विता ऐन दिवाळीत जन्मली. त्या धांदलीत बाल्कनीतला आकाशकंदील उतरवायचा राहिला तो राहिलाच. (धांदल दोन आठवड्यांत संपली होती. बाकीचा काळ निव्वळ आळस.) आल्यागेल्यांनी बाळाला झबली, टोपडी, खुळखुळे आणले. आईच्या वाट्याला फक्त सल्ले आले, आणि त्यातले बरेचसे आमच्या घरमालकीण भागीरथीबाईंचे. म्हैसूर शहराच्या विजयनगर भागातल्या त्यांच्या घरात आम्ही वर राहतो, त्या खाली. त्यांचे मराठी पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत होते, आणि फौजेची शिस्त घरात अजून शिल्लक आहे. बाळंतिणीच्या कानात कापूस आणि वरून घट्ट रुमाल, हा त्यांचा पहिला हुकूम. त्या जिना उतरल्या की देवश्री रुमाल सोडून खुर्चीवर टाकायची.

भेट काय द्यावी म्हणून मी हूटगळ्ळीच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना विचारत फिरलो. कोणी अत्तर सांगितलं, कोणी साडी. दोन मुलांची आई असलेली काव्या तेवढी कॉम्प्युटरवरची नजर न हलवता म्हणाली, "सर, काही आणू नका. तिला झोपू द्या."

मला एकदम पटलं. अन्विता रोज दिवेलागणीला रडायला लागायची ती जेवणवेळ टळून जाईपर्यंत. मी तिला खांद्यावर घेऊन अंगाई गायचो, मग ती आणखी जोरात रडायची. (मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गायलो आहे. बाळाला एवढ्यात सूर कळत नाहीत, असं मी मनाशी धरून चाललो होतो.) रात्रीचं तर बोलायलाच नको. परवा दूध उतू गेलं म्हणून देवश्री ओट्यापाशी खाली बसून रडली. तेव्हा मला खरोखर भीती वाटली. माझी हसरी बायको कुठेतरी हरवत चालली होती आणि मी तिला कुकरच्या रिंगा देत होतो.

चोवीस तारखेला मी दुपारीच घरी आलो. दारावरच्या बेलची वायर काढली, फोन गप्प केले, कुकर वरच्या फळीवर ठेवला. बाळाच्या दुधाची बाटली तयार होती. भागीरथीबाईंना कुणकुण लागली होतीच. त्या स्वतः वर आल्या, देवश्रीच्या कानात कापसाचे बोळे घातले आणि रुमाल आवळला.

"सुम्ने झोप गं," त्या म्हणाल्या. "चळी बाधते बाणंतीला. कानातनं शिरते, अल्वा?"

इतक्या वर्षांच्या शेजारात एवढं कन्नड मला येतं. सुम्ने म्हणजे गुपचूप, चळी म्हणजे थंडी, अल्वा म्हणजे हो ना. देवश्रीच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने फक्त माझा हात धरला. "अरुण, खरंच उठवणार नाहीस ना?"

मी म्हटलं, घराला आग लागली तरी आधी विझवेन आणि मग तुला उठवेन.

ती झोपली. संध्याकाळ झाली. नाताळचं वातावरण हवं म्हणून मी बाल्कनीतला कंदील लावला. पाच टोकांचा, लाल चांदणीचा. आमच्या साताऱ्यात त्याला कोणीही दिवाळीचा कंदीलच म्हटलं असतं. इथे मात्र नाताळात ज्याच्या दारी चांदणी, त्याच्या दारी कॅरोल म्हणणारे येतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अन्विताने नेमानं रडायला सुरुवात केली. मी गाण्यासाठी घसा खाकरला, तोच जिन्यावर पावलं वाजली. दार उघडून बघतो तर गिटार, गळ्यात ढोल अडकवलेला एक धिप्पाड गृहस्थ, मागे दहाबारा माणसं आणि पुढे सांताक्लॉज. मी ओठांवर बोट ठेवलं. मग हात हलवून "बेडा, बेडा" म्हटलं, म्हणजे नको, नको. त्यांना वाटलं, लाजतोय.

जिन्याच्या खालून भागीरथीबाई ओरडल्या, "दारात आलेल्यांना परत पाठवतात व्हय रे? हाडी, हाडी." गा म्हणून त्यांनी परवानगीच देऊन टाकली.

ढोल वाजला. खिडकीच्या काचा थरथरल्या. माझ्या भेटीचा चुराडा झाला असं समजून मी बाळाला सांताच्या हातात कोंबलं आणि बेडरूमकडे धावलो. देवश्री तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती. कापसाचे बोळे जागच्या जागी होते. आजवर मी ज्या रुमालाला हसलो, त्याला मी मनोमन हात जोडले.

बाहेर आलो तर अन्विता गप्प. ती टकामका ढोलाकडे बघत होती. दुसरं गाणं संपेपर्यंत ती सांताच्या कापसाच्या दाढीत नाक खुपसून झोपून गेली. मंडळींना द्यायला घरात केक नव्हता, म्हणून मी बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वाटले. सांताने दोन खाल्ले आणि कंबरेला बरं वाटतंय म्हणाला.

देवश्री जेवणवेळेला उठली. चेहरा असा ताजा की मी बघतच राहिलो. कानातले बोळे काढत ती पाळण्याशी आली. "मधे एकदा डोळे उघडले होते," ती म्हणाली, "पण इतकं शांत होतं की परत झोपले. कशी निजवलीस तिला?"

मी छाती फुगवून सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "आज तू गायला नाहीस वाटतं."

आणि ती हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते हसू बघून मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, नाही गायलो.

"मग नाताळ झाला तरी ही भेट चालू ठेव."

मी म्हटलं, कोणती, झोपेची?

"न गाण्याची," ती म्हणाली, आणि बोळे जपून डबीत ठेवून दिले.