सातघरे यांच्या खडूची आणि बदामी स्वेटराची हकीकत

श्री. ज्याच्या कृपेने पडदा उजळतो आणि ऐन वेळी वीज जात नाही, त्या विघ्नहर्त्याचे स्मरण करून, शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमी, रविवार, ते दिवशी एका राज्यात जे वर्तमान घडले ते जसे घडले तसे लिहिले आहे, पदरचे काही घातले नाही. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. इमारती तीन, बिऱ्हाडे छत्तीस, लिफ्ट एक आणि तीही बहुधा बंद, ऐसे ते राज्य. त्याच्या वेशीपाशी एक काळा फळा होता. नळाची वेळ त्या प्रांती रोज बदलत असे, सबब राज्याचे प्रधान, म्हणजे सेक्रेटरी हणमंतराव कुदळे, दररोज सायंकाळी उद्याच्या पाण्याची वेळ त्या फळ्यावर लिहीत आणि प्रजा ती वाचून गजर लावीत असे. मात्र वर्षातून एकदा त्या फळ्याचा अर्धा भाग दिगंबरराव सातघरे यांस मोकळा करून दिला जाई.

दिगंबरराव वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त जाहलेले. दुकानात शिरताच दुरून तराजू पाहून पंचवीस ग्रॅमची चोरी सांगावी, ऐसी त्यांची नजर. दरसाल टीव्हीवर सिनेमांच्या पुरस्कारांचा सोहळा होई, तो सारे राज्य हॉलमध्ये खुर्च्या मांडून एकत्र पाही, आणि दिगंबरराव आदले दिवशी फळ्यावर भाकीत लिहीत व दुसरे दिवशी निवाडा लिहीत. हा शिरस्ता सोळा वर्षे चालला. निवाडा कडक असे. निवेदकांचे विनोद एकतीस, पैकी हसू आले दोन. माणसाचे नाव पुकारण्याआधी तेलाचे, सिमेंटाचे आणि अगरबत्तीचे नाव पुकारले. कॅमेरा ज्याच्या तोंडावर आधीच जाऊन बसतो, मानचिन्ह त्यालाच मिळते. येणेप्रमाणे ते लिहीत आणि शेवटी एक कलम दरसाल असेच की, पडद्यामागच्या कारागिरांची आठ बक्षिसे नव्वद सेकंदांत उरकली, ट्रकातून पोती उतरवावीत तशी, हा अन्याय आहे. हे कलम वाचून प्रजा माना डोलावी. परंतु सिनेमा संपून पडद्यावर त्याच कारागिरांची नावे चालू लागली की दिगंबरराव स्वतः गर्दीआधी स्कूटर काढण्यासाठी थिएटरातून उठत, ही गोष्ट कोणी कधी त्यांच्या पारड्यात टाकली नाही.

आता सोहळा प्रत्यक्षात तीन आठवडे आधीच होऊन गेलेला असे आणि टीव्हीवर मागाहून दाखवीत. म्हणजे निकाल जगजाहीर, पण दिगंबररावांस तो कोरा पाहावयाचा असे. त्यांच्या पत्नी कुमुदबाई तीन आठवडे पेपरातले सिनेमाचे पान आधी काढून घेत आणि मग पेपर पुढे ठेवीत. राज्यात कोणी निकाल बोलू नये ऐसा हुकूम होता आणि तो सर्वांनी पाळला.

यंदा शनिवारी दिगंबररावांनी खडू हाती घेतला. झुंज दोन सिनेमांत होती. एक ‘शेला आणि समशेर’, त्यात पाचशे स्वार, जरीचे शेले, मोत्यांचे तुरे. दुसरा ‘हयातीचा दाखला’, त्यात एक पेन्शनर म्हातारा आपण जिवंत आहोत हे कचेरीत पटवून देत हिंडतो. हा सिनेमा दिगंबररावांनी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा डोळे पुसले. म्हणोन त्यांनी लिहिले की, अभिनयाचे बक्षीस ‘दाखला’ यास मिळेल, कारण तो म्हातारा आपल्याच घरातला वाटतो. मग पुढील ओळ लिहिली ती ऐसी: ‘वेशभूषा: शेला आणि समशेर. हयातीचा दाखला यात वेशभूषा नाहीच. माणसे घरच्या कपड्यांत येऊन उभी राहिली आहेत. नामांकन चुकून झाले असावे. हे बक्षीस त्यास मिळाल्यास खडू कायमचा सोडीन.’

ते वेळी रेणुका चांदवले गाठोडे घेऊन वेशीतून आत आली. ही तिसऱ्या मजल्यावर तीन वर्षांपूर्वी राहावयास आलेली. पहाटे जाई, केव्हाही येई, हाती नेहमी गाठोडे, यापलीकडे राज्यास तिची काही माहिती नव्हती. तिने फळा वाचला आणि जागीच उभी राहिली. कारण ‘दाखला’ची वेशभूषा तिची होती आणि ते बक्षीस तीन आठवड्यांपूर्वीच तिला मिळून, जुन्या परकरात गुंडाळून, तिच्या गोदरेजच्या कपाटात उभे होते. पेपरात नामांकनांच्या यादीत आणि निकालातही नुसती सिनेमांची नावे आली, कारागिरांची आली नाहीत, सबब कोणास पत्ता नव्हता. आणि टीव्हीवर दाखवीपर्यंत बोलणार नाही ऐसे चॅनेलने तिच्याकडून लिहून घेतले होते.

ती म्हणाली, “काका, तेवढं शेवटचं वाक्य पुसा ना.”

“कोणतं?”

“खडू सोडीन म्हणालात ते.”

“का म्हणून? सोळा वर्षांत वेशभूषेला मी एकदाही चुकलो नाही. जिथे जरी जास्त, तिथे बक्षीस.”

“यंदा तसं नसलं तर?”

“तुला काही कळलंय का? कळलं असेल तर बोलू नकोस बाई, मला कोरं बघायचंय.”

“मी कुठे काय बोलले.”

“तूसुद्धा कपड्यांचंच काहीतरी करतेस ना? ब्लाऊज वगैरे?”

“वगैरे,” रेणुका म्हणाली आणि जिना चढून गेली.

रविवारी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी दरबार भरला. रथसप्तमी होती, थंडी बरी होती, बायकांनी तिळगुळाचे डबे आणले आणि शेवटच्या रांगेत रेणुकाही येऊन बसली. दिगंबरराव पहिल्या रांगेत मधोमध, मांडीवर वही, मनगटावर घड्याळ, अंगावर शाल. शाल अशासाठी की त्यांचा आवडता बदामी स्वेटर दोन वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. लाँड्रीवाल्या शेषरावानेच हरवला ऐसा त्यांचा ठाम निष्कर्ष होता आणि दोन हिवाळे ते शेषरावास येता-जाता सुनावीत. मग सोहळा सुरू जाहला. निवेदक दोघे आले आणि एकमेकांच्या वजनावर विनोद करू लागले, दिगंबररावांनी वहीत रेघा ओढल्या. मग नाच जाहला, मग दुसरा नाच, आणि मग अभिनयाचे बक्षीस ‘दाखला’च्या म्हाताऱ्यास मिळाले, तेव्हां हॉलमध्ये टाळ्या पडल्या आणि हणमंतराव म्हणाले, “सातघरे, तुम्ही तिकडे परीक्षक म्हणून का जात नाही?” दिगंबरराव म्हणाले, “बोलावत नाहीत.”

सात वाजून बेचाळीस मिनिटांनी कारागिरांची बक्षिसे आली. दिगंबररावांनी घड्याळ समोर धरले आणि मोजू लागले. ध्वनी, संकलन, कलादिग्दर्शन हे अकरा सेकंदांत गेले. मग वेशभूषेची नामांकने लागली. शेले झळकले, तुरे हलले, आणि त्यामागून ‘दाखला’चा म्हातारा कचेरीच्या खिडकीशी थरथरत्या बोटांनी स्वेटरच्या गुंड्या लावताना दिसला, एक, दोन, तीन तपकिरी आणि सर्वांत खालची पांढरी. कुमुदबाईंच्या तोंडून गेले, “माझी गुंडी.” पण त्याचा अर्थ लागण्याआधीच विजेत्याचे नाव पुकारले गेले आणि पडद्यावर रेणुका चांदवले निळे सुती पातळ नेसून मंचावर चढली, मानचिन्ह घेतले, बोलण्यास तोंड उघडले आणि चॅनेलने तिला तेथेच कापून साबणाची जाहिरात लावली. चार सेकंद. सारा दरबार मागे वळला. शेवटच्या रांगेत तीच रेणुका तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

मग दिगंबरराव म्हणाले, “हणमंतराव, मागे घ्या.” हणमंतरावांनी रिमोटने चित्र मागे घेतले आणि गुंड्यांपाशी थांबवले. दिगंबरराव उठले, पडद्यापाशी गेले आणि बोट लावून गुंड्या मोजल्या. मग खालची किनार पाहिली. लोकर संपल्यामुळे तेथे दोन बोटे रंग गडद होता.

“हा माझा स्वेटर आहे.”

“हो काका,” रेणुका म्हणाली.

“हा शेषरावाने हरवला होता.”

तेव्हां कुमुदबाईंस बोलणे भाग पडले. त्या म्हणाल्या, “हरवला नाही. मी दिला. गेल्याच्या आदल्या दिवाळीत ही जुने कपडे मागायला आली होती, धुऊ नका, इस्त्री नको, टाका घालू नका, आहेत तसे द्या म्हणाली. मला वाटलं दानाला. कोपरं विरली होती अगदी.”

“आणि दोन वर्षं मी त्या शेषरावाला बोलतोय.”

“मग काय सांगणार होते? सिनेमात पहिल्या खेळालाच ओळखला मी. पण बोलले असते तर मीच सापडले असते. तुम्ही दोनदा बघितलात, तुम्हाला दिसला नाही?”

अकरा हिवाळे अंगावर वागवलेला स्वेटर दोनदा पडद्यावर पाहून, त्यापायी डोळे पुसून, दिगंबररावांनी ओळखला नव्हता. मागून कोणी म्हणाले, “थांबा, ती कचेरीतली शिपायाची पँट आमच्या ह्यांची दिसतेय.” आणि दुसरे कोणी म्हणाले, “तो छत्र्यांच्या नक्षीचा परकर माझा.” पस्तीस बिऱ्हाडांनी दान म्हणून दिलेले सर्व त्या सिनेमात चालत होते आणि पस्तीस बिऱ्हाडे तो सिनेमा पाहून आली होती.

दिगंबरराव रेणुकेपाशी गेले. म्हणाले, “मी लिहिलं, यात वेशभूषा नाहीच.”

“वाचलं मी. फोटो काढून आमच्या दिग्दर्शकांना पाठवलासुद्धा. ते म्हणाले, परीक्षकांनीही इतकं चांगलं लिहिलं नव्हतं.”

“ते तुझ्या बाजूने झालं. माझ्या बाजूने चूक ती चूक.” ऐसे म्हणून त्यांनी खिशातून खडू काढला आणि तिच्या हातावर ठेवला. सोळा वर्षांत तो खडू दुसऱ्या कोणाच्या हाती गेला नव्हता. हणमंतराव म्हणाले, “अहो, एवढ्या-तेवढ्याला काय,” पण दिगंबररावांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ते जागेवर जाऊन बसले आणि वही मिटली.

रेणुका खडू घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, “काका, मी तिथे बोलले होते. एकोणचाळीस सेकंद. कागदावर लिहून नेलं होतं, एकही नाव चुकू नये म्हणून. त्यांनी कापलं. मला ते कुठेतरी लिहिलेलं हवंय आणि माझं अक्षर वाईट आहे.”

“कसली नावं?”

“तुमचीच सगळ्यांची.”

मग सारा दरबार उठून वेशीकडे निघाला आणि सोहळ्यातला तिसरा नाच रिकाम्या हॉलमध्ये जाहला. रेणुकेने पर्समधून कागद काढला आणि खडू परत दिगंबररावांच्या हाती दिला. ते घेईनात. ती म्हणाली, “एका अटीवर घ्या. ह्यापुढे थिएटरात शेवटचं नाव जाईपर्यंत उठायचं नाही.” दिगंबररावांनी अट तोलून पाहिली आणि म्हणाले, “आणि स्कूटर?” कुमुदबाई म्हणाल्या, “स्कूटरला कोण नेतंय?” तेव्हां त्यांनी खडू घेतला. ती सांगत गेली आणि ते लिहीत गेले. शिपायाची पँट: कुदळे. परकर: चौथा मजला, देसले वहिनी. खिशाला शाईचा डाग असलेला सदरा: कै. वैद्य मास्तर, त्यांच्या मुलाकडून. ऐसे करता करता त्यांचा अर्धा भाग भरला, तेव्हां ओल्या फडक्याने दुसरा अर्धा पुसून त्यांनी पुढे लिहिले आणि कोणी हरकत घेतली नाही, कारण जो तो आपल्या नावाची वाट पाहत होता. पस्तिसावी ओळ आली ती ऐसी: ‘स्वेटर: कुमुद सातघरे यांनी विणला. वापर: दि. सातघरे, अकरा हिवाळे.’ त्यांनी ती लिहिली, ऱ्हस्व-दीर्घ पाहिले आणि खाली तारीख घातली.

दुसरे दिवशी पाणी पहाटे पाच दहाला आले आणि पाच पन्नासला गेले. त्याची वेळ फळ्याच्या पुसलेल्या अर्ध्या भागात होती, सबब छत्तीस बिऱ्हाडांपैकी एकाही बिऱ्हाडात गजर लागला नाही आणि एकही बादली भरली नाही. सकाळी सर्व प्रजा कोरड्या तोंडाने फळ्यापाशी जमली, आपापले नाव पुन्हा वाचले आणि तक्रार कोणी केली नाही. हणमंतरावांनी टँकर मागवला आणि पाण्याची वेळ भिंतीवर विटकरीच्या तुकड्याने लिहिली.

तात्पर्य, सोहळा तीन तास चालला, निवेदकांचे विनोद सव्वीस, हसू आले एक, बाकी वर लिहिल्याप्रमाणे. दिगंबररावांनी सोमवारी जातीने जाऊन शेषरावाची माफी मागितली आणि शेषरावाने, दोन हिवाळे ऐकून घेतलेले असूनही, शाल फुकट धुऊन दिली. स्वेटर अद्याप सिनेमावाल्यांच्या गोदामात आहे. फळा पुसलेला नाही. इति.