मापाच्या वहीतून रेडिओवर

रेडिओवर माझं नाव आलं म्हणून मी एका भल्या माणसाशी अख्ख्या गल्लीसमोर भांडले होते, हे आधीच कबूल करून टाकते. सोनाळ्यात माझ्या वयाच्या तीन-चार म्हाताऱ्या अजून आहेत, आणि त्यांना हा किस्सा माझ्यापेक्षा जास्त रंगवता येतो.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. लग्नाला सहा महिने झालेले, अक्कल माहेरीच विसरून आलेली. भाकरी थापत होते, तर शेजारच्या रेडिओतली बाई म्हणाली, "आणि सोनाळ्याहून कमल, वच्छला, सुशीला..." सुशीला म्हणजे मी! सासरी या नावानं मला कोणी हाक मारत नव्हतं. 'धाकटी' नाहीतर 'अवं', एवढ्यावर भागायचं. नवऱ्याला तरी ते ठाऊक असेल की नाही याची मला शंका होती. मग त्या बाईला कोणी सांगितलं? पिठाच्या हातांनी पदर सावरत मी थेट शेजारी घुसले. सुखदेवभाऊजी शिलाई मशीनवर बसलेले.

"मले बदनाम करता काय? त्या बाईच्या तोंडी माझं नाव काऊन?"

त्यांनी पायडल थांबवलं. "वहिनी, जरा बाजूले व्हा. तुमी रेडिओच्या आड आल्या. खरखर येऊन राह्यली."

अख्खी गल्ली जमा झाली. संध्याकाळी नवरा घरी आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "नाव चांगलं हाय वं तुयं." लग्नानंतर त्यानं माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. तोही रेडिओच्या कृपेनं.

तर हे सुखदेवभाऊजी. बायकांचे ब्लाऊज शिवणारे आमच्या गल्लीचे शिंपी. त्यांची एक लाल मापाची वही होती. गावात बाईचं स्वतःचं नाव दोनच ठिकाणी लिहिलेलं असायचं, मतदार यादीत आणि त्या वहीत. वहीतली नावं उतरवून ते दर आठवड्याला फर्माईशीच्या कार्यक्रमाला पोस्टकार्ड पाठवायचे. 'सप्रेम जयभीम'नं सुरुवात, मग पाच नावं, मग गाणं. आळीपाळीनं सगळ्यांचा नंबर लागायचा. एकदा कमलचं नाव लागोपाठ दोन वेळा आलं, तर वच्छलानं आठ दिवस त्यांच्याकडे कापड दिलं नाही.

सगळ्या शिंप्यांनी मशीनला मोटर बसवली, यांनी नाही. "मोटरनं खरखर येते," संपलं. जन्मभर पाय हलवत राहिले. रेडिओ उत्तरेला तोंड करून थोडा तिरपा ठेवायचा, आणि टेबलावर खडूनं त्याच्या चार कोपऱ्यांच्या खुणा. मीडियम वेव्ह म्हणजे रुसकी बाई, बोटभर सरकली की बोलणं बंद, असं त्यांचं म्हणणं. पारबताबाई, म्हणजे त्यांची बायको, टेबल झाडताना एवढा चौकोन सोडून झाडायची.

खरखरीवरून ते घर ओळखायचे. वैद्यानं नाडी बघावी तसं कान देऊन म्हणायचे, "हे कमलचं मिक्सर. हे चक्कीचं. अन् ही बारीक सुईसारखी कोन्ती?" मग उठून दारोदार. एकदा माझ्या दारात आले. "वहिनी, नवा बल्ब लावला काय?"

"हाव. पांढरा. तुमाले कसं कळलं?"

"बातम्यायमधी शिरला ना तो."

जाताना खिशातून जुना पिवळा बल्ब काढून माझ्या हातात ठेवला. मी मोठी खोडकर. त्यांचा रेडिओ लागला की मी मुद्दाम मिक्सर फिरवायचे, रिकामं. तीन मोजेपर्यंत भिंतीपलीकडून आवाज यायचा, "वहिनी, मिक्सरमधी काईच नाही वाटते!" रिकामं मिक्सरही ओळखत होते हो!

पुढे गल्ली बदलली. पूर्वी एक रेडिओ लागायचा, दहा घरं ऐकायची. आता माझ्या घरात पाच नातवंडं, प्रत्येकाच्या कानात वेगळं गाणं, आणि जेवायला हाक मारली तर एकालाही ऐकू येत नाही. घराघरात चार्जर, इन्व्हर्टर. भाऊजींच्या रेडिओत बाई कमी, खरखर जास्त. माझा एक नातू त्यांना म्हणाला, "आजोबा, मोबाइलवर टाकून देऊ का? एकदम साफ आयकू येते." भाऊजींनी दोन मिनिटं ऐकलं आणि मोबाइल परत केला. "साफ हाय. पन कुठून येऊन राह्यलं थेच समजत नाही."

एक गोष्ट मला फार वर्षं टोचत होती. एकदा विचारलंच, "भाऊजी, साऱ्या गल्लीची नावं धाडली. पारबताबाईचं काऊन नाही धाडलं?"

सुईत दोरा ओवायचं निमित्त करून त्यांनी मान खाली घातली. "नावं वहीतून उतरोतो ना. थिचं माप कधी वहीत लिवलंच नाही. पाठ हाय." मग हळूच, "अन् लोक काय म्हनतीन? सोताच्याच बायकोचं नाव धाडते!"

आणि पारबताबाई? पन्नास वर्षं दर कार्यक्रमाला उंबऱ्यात निवडणं घेऊन बसत आली. आमची नावं ऐकत. स्वतःहून एका शब्दानं बोलली नाही.

यंदा एका सकाळी भाऊजी माझ्याकडे आले. मीडियम वेव्ह पुढच्या महिन्यात बंद होणार, असं रेडिओनंच सांगितलं होतं. "वहिनी, पोस्टकार्ड आता चालत नाही म्हनते. व्हाट्सॅप लागते. एक नाव धाडाचं होतं."

"कोनाचं?" मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"हसू नका."

मी हसले नाही. आयुष्यात एवढं एकदाच जमलं. 'सप्रेम जयभीम'पासून त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आणि पाठवलं. दोन खुणा उमटल्या. "पोचलं? इतक्यात?" ते नाराजच झाले. "मंग वाट पाहाची मजा काय राह्यली?"

कार्यक्रम बुधवारी साडेअकराला. नाव एकदाच येणार, खरखरीत गेलं तर गेलं. म्हणून सकाळीच मी गल्लीतून फिरले. कमलनं फ्रीजची पिन काढली. वच्छलानं मुलाला सांगून चक्की थांबवली. मी पाचही नातवंडांचे चार्जर उपटले, फार समाधान वाटलं. साडेअकराला गल्ली इतकी गप्प झाली की कोंबड्यासुद्धा बावचळल्या. आम्ही म्हाताऱ्या आपापल्या दारात. भाऊजी रेडिओसमोर, पारबताबाई उंबऱ्यात तूरडाळ निवडत. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

तीन गाणी झाली. आणि मग स्वच्छ आवाजात, "सोनाळ्याहून आज एकच नाव आहे. पारबताबाई."

पारबताबाईचा हात सुपातच थांबला. गाणं लागलं. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं नाही. गाणं संपायच्या आत रेडिओ बंद केला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "झालं आपलं काम," म्हणाले, "आता ठेऊन देतो याले पेटीत." आणि रेडिओ गुंडाळायला फडकं आणायला आत गेले. पाठ एकदम वाकलेली दिसली.

मी पारबताबाईजवळ जाऊन बसले. "आयकलं ना?"

तिनं आतल्या दाराकडे बघितलं, मला मनगटाला धरून जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाली,

"सुशीला, त्यायले सांग, थिले काईच आयकू नाही आलं म्हनून. मंग अजून एक धाडतीन."