फुगा संपेपर्यंत

वज्रचौकडीच्या साहसांची नवी आवृत्ती काढायचं ठरलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे ती सगळी साहसं पुन्हा करावी लागणार होती. जुन्या अंकांवरून छापून चालत नाही. चित्रकथेचा धंदा सचोटीचा आहे. जे घडतं तेच चित्रकार काढतो, आणि पुन्हा छापायचं तर पुन्हा घडावं लागतं.

निरोप आला तेव्हा दत्ताराम कुडपकर सांगलीतल्या आपल्या घराच्या ओसरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. चौकडीत ते 'झेप' होते, म्हणजे उडायचे. उडता त्यांना अजूनही येत होतं, पण कौलांच्या वर गेलं की दम लागे. त्यामुळे शालनताई, त्यांच्या पत्नी, पत्र्यावरचं वाळवण काढायचं असलं तरच त्यांना उडू देत.

"या वयात?" शालनताई म्हणाल्या.

"पद आहे ना अजून," दत्ताराम म्हणाले. "निवृत्तीचं वय कुठं लिहिलंय आमच्यात?"

तर सुरुवात झाली. पहिल्या अंकात उलटलेली मालगाडी रुळावर ठेवायची होती. ते काम इस्माईल तांबोळींचं. ते 'पोलाद'. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं होतं, तरी त्यांनी पट्टा बांधून, अल्लाचं नाव घेऊन डबे एकेक करून ठेवले. कुसुमताई हळबे 'दृष्टी' होत्या, त्यांना भिंतीपलीकडचं दिसायचं. आता मोतीबिंदूमुळे भिंतीपलीकडचंही धूसर दिसे, आणि तिसऱ्या अंकात त्यांनी दरोडेखोरांऐवजी शेजारच्या खोलीतल्या भजनी मंडळाकडे बोट दाखवलं. चित्रकाराने ती चौकट पुन्हा घडवून घेतली. भजनी मंडळाचीही काही तक्रार नव्हती. खलनायक डॉक्टर कर्दम बुधगावहून एसटीने यायचे, साखरेची गोळी घ्यायचे आणि जगाचा विनाश करायला लागायचे. मधल्या सुट्टीत सगळे एकत्र डबा खात. गंमत म्हणावी अशीच ती वर्षं परत आली होती, आणि दत्तारामांना ती आवडू लागली होती, हे कबूल करायला हवं.

पण धरणाचा अंक जवळ येत चालला होता, आणि त्याविषयी डबा खाताना कोणीच बोलत नव्हतं.

चौकडीतला चौथा प्रभाकर नाचणे. तो 'सावली', म्हणजे अदृश्य होणारा. धरणाच्या अंकात तो मेला. कर्दमने धरणाचं दार उघडलं, प्रभाकरने आत उतरून दाराची साखळी अंगाला गुंडाळून धरली, खोरं वाचलं, आणि साखळीने त्याला पाण्यात ओढून नेलं. पाण्यावर त्याचा लाल मफलर तेवढा तरंगला. त्याच्या मुलीला, मृणालला, ती अठराची झाल्यावर अनुकंपा तत्त्वावर वडिलांच्या जागी घेतलं. आदेशात म्हटलं होतं की मृताची सर्व कर्तव्ये वारसाकडे राहतील. त्या वेळी घरात चूल पेटायची पंचाईत होती, तेव्हा 'सर्व' या शब्दावर कोणी घुटमळलं नाही. मृणाल अदृश्य व्हायला शिकली, कामाला लागली, पुढे लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला. आता ती सावली होती, आणि धरणाच्या अंकात सावली मरते.

दत्ताराम तिला घेऊन संपादकांकडे गेले.

संपादक मालशे हे जुन्या संपादकांचे चिरंजीव. अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी दोघांना चहा मागवला.

"काका, माझा जीव तुटतो," ते म्हणाले, आणि तो खरंच तुटत असावा. "पण तो अंक वाचकांना तोंडपाठ आहे. सावली वाचली तर लोक अंक तोंडावर फेकतील."

"मी राजीनामा दिला तर?" मृणालने विचारलं.

"पद पुढच्या वारसाकडे जाईल. तुमची गार्गी अठराची झाली ना परवा?"

मृणालने चहाचा कप खाली ठेवला. थोडा वेळ ती खुर्चीवर दिसेनाशी झाली. मालशे अदबीने खिडकीबाहेर बघत राहिले. ती परत दिसू लागली तेव्हा म्हणाली, "राजीनामा नाही देत मी."

"मग माझा फुगा तरी कमी करा," दत्ताराम म्हणाले.

इथे चौकडीचा एक शिरस्ता सांगायला हवा. बोलणं ज्यात लिहितात तो पांढरा फुगा एकदा कुणाच्या डोक्यावर आला, की त्यातलं वाक्य पुरं होईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. नायकाने नाही आणि खलनायकानेही नाही. हा शिरस्ता कधी कोणी मोडला नव्हता. पाण्याला मात्र तो लागू नव्हता. प्रभाकर साखळीला लटकलेला असताना दत्तारामांच्या डोक्यावर फुगा आला होता, आणि फुगा संपवून ते झेपावले तेव्हा मफलर तरंगत होता. तांबोळी त्या वेळी वरच्या चौकटीत खडक उचलून उभे होते. त्यांना ती चौकट सोडता येत नव्हती.

"फुग्याचा आकार ठरलेला आहे, काका," मालशे म्हणाले. "शब्द कमी केले तर पांढरी जागा राहते. वाईट दिसतं ते."

"दिसू दे की वाईट!"

"आमच्या वडिलांनी आयुष्यात पांढरी जागा सोडली नाही."

दत्तारामांचा पारा चढला, पण या माणसावर ओरडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटल्यासारखंच झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "ते वाक्य किती वेळात म्हणायचं, असं काही आहे का?"

मालशेंनी विचार केला. "पुरं म्हणायचं, एवढंच आहे."

त्या दिवसापासून दत्ताराम ओसरीवर बसून तालीम करू लागले. वाक्य असं होतं: "थांब, कर्दमा! तू या धरणाचे दार उघडलेस, पण न्यायाचे दार अजून बंद झालेले नाही! या खोऱ्यातल्या लेकराबाळांच्या नावाने तुला शेवटचे सांगतो, तुझ्या काळ्या कृत्यांचा घडा आता भरला आहे आणि तो फोडायला वज्रचौकडी समर्थ आहे!" तरुणपणी त्यांनी ते छाती फुगवून, शब्दाशब्दावर थांबत म्हटलं होतं. धरणाच्या भिंतीवर बघे जमले होते आणि त्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. आता त्यांना तेच एका दमात संपवायचं होतं. श्वास घ्यायला थांबलं की तेवढं पाणी चढणार.

शालनताई समोर सुपात तांदूळ निवडत ऐकायच्या.

"'लेकराबाळां' गिळलंत."

"कळतं की तरी."

"कळून काय उपयोग? पुरं म्हणायचंय ना? पुन्हा म्हणा."

कवळी खडखडायची म्हणून त्यांनी ती काढून ठेवली, तर 'फोडायला'तला फ फुसकन निसटायचा. मग त्यांनी हिरड्यांनीच फ म्हणायची सवय केली. गल्लीतली पोरं कुंपणाशी उभी राहून त्यांची नक्कल करत. त्यातलं एखादं त्यांच्यापेक्षा भरभर म्हणून दाखवी, आणि दत्तारामांना त्याचा हेवा वाटे. दुपारी तांबोळी येऊन बसत.

"दत्ताभाऊ, मी खडक टाकून पळत येऊ का?" ते एकदा म्हणाले. "होऊ दे काय व्हायचं ते."

"खाली वस्ती आहे, इस्माईल."

"व्हय. तेबी खरंच म्हणा," तांबोळी म्हणाले.

मृणाल एकदाच आली. तिने वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाली, "काका, बाबांनी पाण्यात तुमचं हे ऐकलं असेल का हो?"

दत्तारामांना खोटं बोलता आलं नाही. "ऐकलं असणार. मी मोठ्याने म्हटलं होतं."

"मग मलाही ऐकू येईल. मी तुमच्याबरोबर म्हणेन मनात. म्हणजे मला कळेल की आता थोडंच राहिलंय."

ती गेल्यावर दत्ताराम तोंड फिरवून रडले. शालनताईंनी ते पाहिलं आणि सूप घेऊन आत गेल्या.

धरणावर सगळे जमले. चित्रकाराने चित्राचा पाट मांडला. कर्दमांनी कोट झटकून दार उघडलं, आणि पाणी आत शिरलं तसा त्यांचाच चेहरा उतरला. तांबोळींनी खडक उचलला. कुसुमताईंना धरणाच्या भिंतीतून आरपार बघायचं होतं. त्यांनी बघितलं आणि हाताने तोंड दाबलं, कारण त्यांना मृणाल अदृश्य असली तरी दिसत होती. इतरांना फक्त साखळी ताणलेली दिसली आणि तिच्यावर गळ्याच्या उंचीला, चित्रासाठी मुद्दाम दिसता ठेवलेला लाल मफलर.

दत्तारामांच्या डोक्यावर फुगा आला.

त्यांनी ते वाक्य असं म्हटलं की शेवटाला डोळ्यांपुढे काळोख आला. एकही शब्द गिळला नाही. 'समर्थ आहे' म्हणताना छातीत काहीतरी सणकन तुटल्यासारखं झालं, तरी त्यांनी उद्गारचिन्हासाठी आवाज चढवला आणि त्याच श्वासाच्या शेपटीवर झेप घेतली. मफलर नुकताच सुटून पाण्यावर आला होता. दत्तारामांनी त्याच्याखाली हात घातला. हाताला केस लागले. त्यांनी केस धरून ओढलं.

भिंतीवर आणून ठेवल्यावर मृणाल दिसू लागली. ती पाणी ओकली, मग पुटपुटली, "घडा आता भरला आहे." दत्तारामांनी आपली शाल तिच्यावर टाकली आणि लहान मुलासारखे खदखदून हसायला लागले. तांबोळी चौकट संपताच खडक ठेवून धावत आले. कर्दम सगळ्यात मागे उभे राहून डोळे पुसत होते.

मालशे चित्रकाराच्या पाटावर वाकले होते. कागदावर पाणी होतं आणि त्यावर तरंगणारा लाल मफलर होता.

"चौकट अगदी बरोबर आलीय," ते म्हणाले. "मृणालताई, आता कृपा करून दिसू नका. पुढच्या पानावर तुमची शोकसभा आहे."

"अहो, ती जिवंत आहे," दत्ताराम म्हणाले.

"त्याचा मला मनापासून आनंद आहे, काका. पण अंकात त्या गेल्या. गेलेलं माणूस बाजारात भाजी घेताना दिसलं तर छापलेलं खोटं पडेल. आमच्याकडे आजवर खोटं छापलेलं नाही."

मृणालने एकेकाकडे पाहिलं. मग ती शालीसकट दिसेनाशी झाली. शोकसभेत दत्तारामांचं भाषण होतं, आणि ते संपेपर्यंत कोणी हललं नाही. त्यांच्या डाव्या बाजूला कोणीतरी शिंकलं, पण शिंक काही चित्रात येत नाही.

सावलीचं पद रिकामं झालं होतं, तेव्हा त्याच आठवड्यात गार्गीच्या नावाने आदेश निघाला. ती नको म्हणाली असती तर पद मृणालच्या भाचीकडे गेलं असतं, आणि भाची आठवीत होती. गार्गीने सही केली.

पावसाळा उतरल्यावर दत्ताराम त्यांच्या घरी गेले. गार्गी सावलीचा झगा घालून स्टुलावर उभी होती. तिला तो लांब होत होता. तिच्या पायाशी एक सुई हवेत खालीवर होत घोळ शिवत चालली होती.

"या काका," सुईच्या मागून मृणालचा आवाज आला. "बसा. चहा टाकते हं, एवढं झालं की."

"असू दे. तू कशी आहेस?"

"बरी आहे. देवळात गर्दीत धक्के बसतात, तेवढंच." सुई थांबली. "आवृत्ती खपतेय का हो?"

दत्ताराम तेच सांगायला आले होते, पण त्यांची नजर गार्गीच्या झग्याकडे गेली. पहिली आवृत्ती एक आख्खं आयुष्य पुरली होती. ही हातोहात चालली होती, आणि धरणाच्या अंकाला तर दुकानांबाहेर रांगा होत्या. उरलेल्या प्रती दिवाळीत संपतील, मग लगेच तिसरी करायला घेऊ, असं मालशे सकाळीच पेढे देऊन सांगून गेले होते. गार्गीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"आजोबा," ती म्हणाली, "मला ते वाक्य द्याल का लिहून? आई म्हणते, मनात म्हटलं की बरं पडतं."

त्यांनी ते तिला लिहून दिलं.

घरी आल्यावर ते ओसरीवर बसले. धरणापासून त्यांची छाती पूर्वीसारखी भरत नव्हती. जिना चढताना दोनदा टेकावं लागायचं. शालनताई बाहेर आल्या, सूप घेऊन समोर बसल्या आणि काही न विचारता म्हणाल्या, "म्हणा."

दत्तारामांनी कवळी काढून ठेवली, श्वास घेतला आणि सुरुवात केली. 'घडा' शब्दापर्यंत आले आणि श्वास संपला.

शालनताईंनी तांदळातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.