दोन साक्षीदार आणि स्वराचा आराखडा

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत कुरिअरवाला दिसला की दोन-तीन दारं पटापट बंद होतात. कारण पार्सल बहुधा संपतरावांचं असतं, आणि संपतराव दोन साक्षीदारांशिवाय कुठल्याही कागदावर सही करत नाहीत. मी समोरच राहतो. त्यामुळे एका कुकरचा, चपलांच्या दोन जोडांचा आणि एकदा तर नुसत्या उशीच्या अभ्र्यांचा मी साक्षीदार आहे.

सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांचीच. वडिलांनी वाचून न घेता अंगठा दिला आणि जमिनीबरोबर विहीरही गेली. तेव्हापासून संपतरावांचं एकच पालुपद: "आधी वाचा. मोठ्यानं वाचा."

त्यांची मुलगी स्वरा चौथीत आहे. हुशार आहे, पण वाचायला बसली की अक्षरं तिला दाद देत नाहीत. म्हणून शाळेने तिचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा केला. म्हणजे या एका मुलीला वर्षभरात काय शिकवायचं, कसं शिकवायचं, परीक्षेत कोणती सवलत द्यायची, त्याचा कागद. पालकांनी यायचं, चहा प्यायचा, सही करायची. संपतराव मला आणि सोसायटीच्या प्लंबरला घेऊन गेले.

"हे कोण?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"साक्षीदार."

"अहो, हा जमिनीचा व्यवहार नाही!"

"जमीन गेली तर दुसरी घेता येती, म्याडम. पोरीचं वर्ष कुठनं आनू? वाचा."

विशेष शिक्षिका तरुण होत्या. बिचाऱ्या वाचू लागल्या. 'वाचन सुधारण्यासाठी यथाशक्य प्रयत्न करण्यात येतील.'

"कोन करनार?"

"शाळा."

"शाळंला हात हायत व्हय? मानसाचं नाव घाला. किती वार, किती मिनिटं, तेबी घाला. अन् परत कधी बसून बघायचं, ती तारीख."

आधी मला लाज वाटत होती. तिसऱ्या कलमाला ती गेली आणि त्या कागदाचाच राग येऊ लागला, कारण माणूस बरोबर बोलत होता. परीक्षेत जादा वेळ 'आवश्यकतेनुसार' मिळणार होता. कोणाच्या आवश्यकतेनुसार, हे मीच विचारलं. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा खाली ठेवला.

तासाभरात शिक्षिकेचं नाव आलं, वार आले, मिनिटं आली. शेवटच्या पानावर 'बलस्थाने' असा रकाना होता. त्यात दोनच शब्द: 'शांत बसते.'

"हे खोडा."

"अहो, हे कौतुक आहे!"

"शांत न्हाई बसत ती. भ्यालेली असती. खोडा, न्हाईतर सही न्हाई."

शिक्षिकेने खोडलं आणि विचारलं, "मग काय लिहू?" इतका वेळ प्रत्येक शब्दाला नडणारा हा माणूस आता आम्हा साक्षीदारांकडे वळला.

प्लंबरने घसा खाकरला. "कुठला नळ गळतोय ते पोरगी नुसत्या आवाजावरून सांगते, मॅडम. आणि ऐकलेली गोष्ट एक शब्द न गाळता सांगते."

मी दुजोरा दिला. शिक्षिकेने सगळं लिहून घेतलं. "मग आपण ऐकण्यापासूनच सुरुवात करू," त्या म्हणाल्या. संपतरावांनी सही केली.

जिन्यात मी विचारलं, "ती भ्यालेली असते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

ते पायरीवर थांबले. "मी तसाच बसलो व्हतो. सात वर्षं, मागच्या भिंतीला टेकून. गुरुजी घरी येऊन सांगायचे, पोरगं गुनी हाय, आवाज न्हाई." मग पुढची पायरी उतरत म्हणाले, "बा लई खूश व्हायचा."