वासंतीकाकूंची यादी

आमच्या कोपरीच्या ग्राहक भांडाराचे चारशे बारा सभासद आहेत आणि चारशे बाराही जणांचं अक्षर मी ओळखते. सभासदांनी महिन्याची यादी आणि पैशांचं पाकीट दाराजवळच्या पेटीत टाकायचं, आम्ही सामान बांधून पिशवी ओट्यावर ठेवायची, ही इथली पद्धत. कुणी नाव लिहायला विसरलं तरी पिशवी चुकत नाही. बावीस वर्षं व्यवस्थापक आहे मी, उगाच नाही!

म्हणून मे महिन्यात ती यादी निघाली तेव्हा माझा चहा हातातच निवला. अक्षर वासंतीकाकूंचं. तूरडाळ, शिकेकाई, वेखंड, हळकुंड. खाली शेरा: 'मागच्या डाळीत खडे होते. उत्तराला सांगणे.'

उत्तरा म्हणजे मी. आणि वासंतीकाकूंच्या तेराव्याला मी स्वतः जेवून आलेले, तीनच आठवड्यांपूर्वी.

"जुनी यादी असेल गं," मी प्राचीला म्हटलं. प्राची सामान बांधते.

"मॅडम, जुन्या याद्या आपण टिक करून पिशवीतून परत देतो. हिच्यावर एकही टिक नाहीये."

काकूंचं घर बंद होतं. त्यांचे यजमान हरिहरकाका विठ्ठलवाडीला लेकीकडे राहायला गेलेले. तरी मी सामान बांधलं. पाकिटात पैसे बरोबर होते, सभासदाला नाही कसं म्हणायचं? दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. चारला शटर उघडलं तर ओट्यावरची पिशवी गेलेली.

जूनसाठी मी डाळ स्वतः निवडली. जुलैच्या यादीत तोच शेरा. मग दोनदा निवडली. ऑगस्टची यादी आली, खडे होतेच.

"काकूंना अजून खडे लागतायत," प्राची पुटपुटली आणि डाळीच्या पोत्याकडे जायचीच बंद झाली. तिने हे चार जणांना सांगितलं, चौघांनी चाळीस जणांना. तूरडाळ कुणी घेईना. मग तांदूळही घेईनात. अध्यक्ष बाबुरावांनी मला बोलावलं.

"या महिन्यात हे थांबलं नाही तर कोपरीचं दुकान बंद, उत्तराबाई. सगळे सभासद वर्तकनगर शाखेत."

बावीस वर्षं! त्या दुपारी मी शटर गुडघ्याएवढं उघडं ठेवून आत बसले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आत शिकेकाईचा वास दाटलेला, काकू आल्या की यायचा तसा.

अडीचला चपला वाजल्या आणि ओट्यापाशी थांबल्या. शटरखालून मला दिसल्या. जांभळ्या, उजव्या पट्ट्याला सेफ्टी पिन. काकूंच्याच. पिशवी सावकाश वर उचलली गेली.

"काकू," मी कशीबशी म्हणाले, "या वेळी तीनदा निवडलीय हो."

"कोण, उत्तरा?"

शटरखालून हरिहरकाकांचा चष्मा डोकावला. मी शटर वर ओढलं.

"मला यादी करता येत नाही," काका ओट्यावर टेकत म्हणाले. "तिची शेवटची यादी पेटीत टाकायची राहिली होती. तीच महिन्याला टाकतो. लेक झोपली की दुपारी येतो, कळलं तर रडते ती. माझे पाय सुजलेत, हिच्या चपला सैल पडतात."

"पण डाळीचा शेरा?"

"तिनंच लिहिलेला. मी कसा खोडणार?"

मला एकदम भरून आलं. तरी बावीस वर्षांची सवय, विचारलंच. "मग काका, आता नाही ना लागले खडे?"

"काय माहीत. मी नुसते डबे भरून ठेवतो. तिला रिकामे डबे आवडायचे नाहीत."

म्हणजे तीन महिने मी बंद घरातल्या बंद डब्यासाठी डाळ निवडत होते.

काकांनी बाबुरावांसमोर येऊन सगळं सांगितलं, दुकान वाचलं. जाताना मात्र काकांनी विचारलं, "उत्तरा, तुला इतकी अक्षरं कळतात, मग ही झेरॉक्स आहे हे कसं नाही कळलं? ती तर जन्मभर निळ्या पेनानं लिहायची."

शाई काळी आहे हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. मला वाटलं, तिकडे काळंच पेन मिळत असेल.