आठ किलोंच्या आत

खुशालने दात घासायच्या ब्रशचा दांडा कापला, तेव्हा त्याच्या बायकोने, सत्यभामाने, पोळी लाटायचे थांबून विचारले, "आता दात काय बोटानं घासून राहिले?"

"सहा ग्राम वाचले."

"अन् पितळेच्या भंडाऱ्यात राहून तो जर्मनचा गंज आणला तो? घरात पितळेचे आठ हायेत."

"पितळ जड असते. ॲल्युमिनियमचा गंज हलका."

हिमालयातल्या पदभ्रमणासाठी त्याची निवड झाली होती. साल १९७८. वयाची अट चाळीसची होती आणि जूनमध्ये त्याला चाळीस पूर्ण होत होती, म्हणजे संधी ही एकच. बर्फ त्याने आजवर फक्त रसवंतीत पाहिला होता. निवडीच्या पत्रात एका वाक्याखाली तांबडी रेघ होती: पाठीवरची पिशवी आठ किलोंच्या आत हवी, पहिल्या छावणीत वजन होईल, जास्त भरल्यास परत जावे लागेल.

खुशाल जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात प्रयोगशाळा सहायक होता, त्यामुळे तपासल्याशिवाय तो काही घेत नसे. झोपायची पिशवी त्याने हलक्या सावरीच्या कापसाची शिवून घेतली आणि एप्रिलच्या दुपारी, चव्वेचाळीस अंशांत, क्वार्टरच्या अंगणात तिच्यात शिरून पडला. वीस मिनिटांनी सत्यभामाने त्याला ओढून बाहेर काढले. त्याने वहीत लिहिले, 'ऊब भरपूर. थंडीविषयी सांगता येत नाही.'

वजनाची मात्र अडचण होती. प्रयोगशाळेत उत्तम तराजू होता, पण खासगी वस्तू फाटकातून आत नेता येत नसत. शेवटी त्याने मासे विकायला येणाऱ्या रेवताबाईचा तराजू मागितला. वाम आणि मरळ उतरवून तिने पारडे पुसले. एकेक वस्तू चढली आणि उतरली. एकूण सात किलो नऊशे पन्नास ग्राम. सगळ्याला थोडा माशांचा वास लागला. वासाला वजन नसते, एवढे समाधान होते.

"भाऊ, एवढं मोजून कुठं जाऊन राहिले?"

"हिमालयात. हरिद्वारच्या पुढं."

रेवताबाईने हरिद्वारचे नाव पुन्हा एकदा विचारून घेतले. दुसऱ्या दिवशी ती मासे न घेता आली. तिच्या एका हातात तराजू होता, दुसऱ्यात तोंड बांधलेले गाडगे.

"बुधराम हायेत," ती म्हणाली.

बुधराम तिचा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षे झाली होती. गंगेला जाणारे कोणी भेटेल म्हणून त्याच्या अस्थी गावच्या पिंपळाला टांगून ठेवल्या होत्या.

"वैनगंगा जवळ हाय ना, बाई," खुशाल हळूच म्हणाला.

"जिंदगीभर त्याच पाण्यात होते भाऊ, कंबरेइतक्या. मेल्यावर तरी दुसरं पाणी पाहू द्या."

खुशाल भरलेल्या पिशवीकडे पाहू लागला. रेवताबाईला ते कळले. "गाडगं जड हाय. फडक्यात बांधून देतो," म्हणत तिने खाली बसून अस्थी फडक्यात घेतल्या आणि स्वतःच तराजूत ठेवल्या. नवऱ्याला तोलतानाही काटा स्थिर होईपर्यंत ती थांबली.

"साडेपाचशे. तुमच्या आठात बसत नाहीत."

"स्वेटर काढतो," खुशाल म्हणाला. स्वेटर पाचशे साठ होता. झोपायची पिशवी उबदार होती, भागले असते.

ही बातमी रेवताबाईच्या नदीकाठच्या गावात पोहोचायला एक दिवस लागला. बायाबाई सासऱ्याला घेऊन आली. धनीराम आईला आणि मोठ्या भावाला घेऊन आला. "दोघं एकमेकांशी बोलत नव्हते," तो म्हणाला, "फडके अलग ठेवजा." तिघे मिळून एक किलो तीनशे.

"एकाले हो म्हटलं, आता दुसऱ्याले नाही कसं म्हणाल?" सत्यभामा म्हणाली आणि तिनेच झोपायची पिशवी बाहेर काढली. "तिकडं कांबळी देत असतील." झोपायची पिशवी साडेतेराशेची होती. हिशेब जुळला; स्वेटरचे दहा धरून वर साठ ग्राम वाचले.

हरिद्वारला चौघांचे विधी नीट झाले. धनीरामच्या भावाला आईपासून थोडे दूर सोडले. मे महिन्यातल्या त्या बाजारात मात्र स्वेटर कुठेच मिळाला नाही.

पहिल्या छावणीत नागपूरच्याच एका जाड मिशांच्या गृहस्थांनी पिशवी काट्याला लावली. "सहा किलो चाळीस ग्राम! या रे सगळे, बघा, सामान निवडणं याला म्हणतात." लोक जमले. खुशालला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या. मग गृहस्थांनी यादी काढली.

"स्वेटर?"

"नाही."

"झोपायची पिशवी?"

"नाही. मला वाटलं, इथं कांबळी..."

"इथं आहेत. वर नाहीत. बर्फात निघाले अन् गरम कपडे घरी? मग त्या जागेत आणलं काय होतं?"

खोटे बोलायची त्याला सवय नव्हती. "चार माणसं," तो म्हणाला. "हरिद्वारला सोडली. दोघं बोलत नव्हते एकमेकांशी."

टाळ्या वाजवणारे दोन पावले मागे सरले. गृहस्थांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी खुशालची नाडी पाहिली, त्याच्या अंगावर कांबळे टाकले आणि नोंदवहीत लिहिले, 'विरळ हवेमुळे भ्रम. आजच खाली पाठवावे.'

"अहो, खरंच होते..."

"हो, होते. तुम्ही बोलू नका."

दुपारची बस उभीच होती. अशा रोग्याने वजन उचलायचे नसते, म्हणून त्याची पिशवी दोघे जण दोन बाजूंनी धरून बसपर्यंत घेऊन गेले.